दोघे, दोघी, दोघं आणि आइसलँडिक

दोघे, दोघी, दोघं. तिघे, तिघी, तिघं. चौघे, चौघी, चौघं. इथवर कुणाही मराठी माणसाची जीभ अडखळत नाही. पाचाला मात्र आपण मुकाट्याने 'पाच जण' किंवा 'पाच जणी' म्हणतो. चारपाशीच हे का थांबतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आइसलँडिक शिकायला बसले आणि अगदी सुरुवातीलाच तो समोर येऊन उभा राहिला.

कारण त्या भाषेतही एक ते चार या आकड्यांना लिंग आहे. तीन घोडे म्हणताना 'थ़्रीर', कारण घोडा पुल्लिंगी. तीन पुस्तकं म्हणताना 'थ़्रियाउर', कारण पुस्तक तिकडे स्त्रीलिंगी. तीन मुलं म्हणताना 'थ़्रियू', कारण मूल तिकडेही नपुंसकलिंगीच. चाराचंही तसंच: फ्योउरिर, फ्योउरार, फ्यॉगुर. आणि पाच? 'फिम'. सगळ्यांना एकच. शाळेत ज्यांनी संस्कृत घेतलं होतं त्यांच्या कानात एव्हाना काहीतरी वाजलं असेल: त्रयः, तिस्रः, त्रीणि, चत्वारः, चतस्रः, चत्वारि, आणि मग तिन्ही लिंगांना मिळून एकच पञ्च. ज्या आदिम भाषेतून संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि उत्तर युरोपातल्या भाषा फुटल्या, तिच्यात चारपर्यंतचे आकडे विशेषणासारखे चालत आणि पाचापासून चालत नसत, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आपल्या दोघे-दोघींची घडण वेगळी आहे आणि ती फक्त माणसांपुरती आहे, घोड्यांना आणि पुस्तकांना नाही. तरीही चारापाशी थांबण्याची सवय आपल्या जिभेला आहे, आणि शिकणाऱ्याला सवयीचा फार आधार असतो.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. आइसलँडिक ही भयंकर अवघड भाषा आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तीन लिंगं, चार विभक्ती, चालणारी विशेषणं, अनोळखी उच्चार. ही सगळी तक्रार इंग्रजीच्या खिडकीतून बघणाऱ्यांची आहे, आणि इंग्रजीपुरती ती खरीही आहे. पण आपण या भाषेची पुस्तकं इंग्रजीतून वाचतो आणि त्यांची भीतीही आयती उचलतो. माझं म्हणणं असं की मराठी माणसाने या भाषेकडे मराठीतून जावं. अवघड गोष्टी तिथेही आहेत, पण त्या वेगळ्याच ठिकाणी आहेत, आणि त्या नेमक्या कुठे आहेत हे कळायला मराठीचीच मदत होते.

उच्चारांपासून सुरुवात करू. इथे लिहिण्यासाठी एक सोय करून घेते. या भाषेच्या 32 अक्षरांत दोन जुनी अक्षरं आहेत. एकाला थॉर्न म्हणतात, दुसऱ्याला एथ. थॉर्न म्हणजे जिभेचं टोक दातांमध्ये धरून नुसती हवा सोडायची. एथ म्हणजे तेच, पण आवाज काढून. आपला थ आणि द यापेक्षा वेगळे, म्हणून त्यांच्याखाली नुक्ता देते: थ़ आणि द़. एथ शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. आणखी एक स्वर आहे, ए म्हणता म्हणता ओठ ओ-सारखे गोल केले की निघणारा. तो मी ऑ असा लिहिते, जवळचा म्हणून.

आता खरी गोष्ट. आपल्याला क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला फरक पाळण्यात असल्यापासून कळतो. 'काल' आणि 'खाल' यांत गोंधळ होत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक ऐकायलाच शिकावं लागतं, कारण त्याच्या भाषेत त्यावरून अर्थ बदलत नाही. आइसलँडिकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा सगळा डोलारा याच फरकावर उभा आहे. तिथे के, टी, पी या अक्षरांनी सुरू होणारे शब्द म्हणजे आपले ख, थ आणि जुन्या वळणाचा, ओठ मिटून म्हटलेला फ. आणि जी, डी, बी ही अक्षरं? ती ग, द, ब नाहीतच. ती क, त, प आहेत. दिवसाला 'तागुर' म्हणतात, लिहिताना डी. पुस्तकाला 'पोउक', लिहिताना बी. 'शुभ दिवस' म्हणायचं तर 'कोउद़ान ताइयिन', लिहिताना जी आणि डी. डोळ्यांना इंग्रजी अक्षरं दिसतात म्हणून जीभ ग-द-ब कडे धावते, पण ते धडे एकदा देवनागरीत लिहून काढले की प्रश्न मिटतो. माझी वही तशीच आहे. युरोपीय लिपीत जे झाकलेलं राहतं ते आपल्या वर्णमालेत उघडं दिसतं, कारण आपली वर्णमाला उच्चारस्थानं आणि श्वास मोजून रचलेली आहे.

याच्यापुढची पायरी म्हणजे श्वास आधी आणि व्यंजन नंतर. 'आभार' हा शब्द 'थाह्क'. क च्या आधी एक स्पष्ट हकार येतो. सफरचंद 'एह्प्लि', आठ 'आउह्ता'. हे जमत नाही अशी सार्वत्रिक तक्रार आहे. मला वाटतं, ज्याने संस्कृतच्या बाईंसमोर 'प्रातःकाल' आणि 'अंतःपुर' नीट म्हणून दाखवलेलं आहे, त्याला ते निम्मं येतंच. रोजच्या मराठीत आपण विसर्ग गिळून 'अंतप्पुर' म्हणतो. तो न गिळता श्वास सोडून मग प म्हटला की आइसलँडिकच्या उंबरठ्यावर आपण पोचतो. पाणिनीय परंपरेत क-ख आणि प-फ यांच्या आधीच्या विसर्गाला जिह्वामूलीय आणि उपध्मानीय अशी स्वतंत्र नावं आहेत, इतकं बारीक लक्ष त्या लोकांनी या श्वासाकडे दिलं होतं. त्यांचा ध्वनी हुबेहूब हाच नाही, पण कान त्याच दिशेला लावायचा आहे.

न्हावी, कोल्हा, म्हातारा, ऱ्हास हे शब्द आठवा. अशी जोडी असलेल्या भाषा कमी आहेत आणि आपली त्यांतली एक. आइसलँडिकमध्येही सुरी 'ह्नीवुर' असते. इथे मात्र सावध राहायला हवं. गळ्यावर दोन बोटं ठेवून 'न्हावी' म्हणा, पहिल्या न पासूनच कंप जाणवेल. 'ह्नीवुर' म्हणताना तो न कंपाशिवाय, नुसत्या नाकातल्या हवेवर निघायला हवा आणि कंप ई पासून सुरू व्हायला हवा. त्यांचे ह्ल आणि ह्र असेच. हा फरक मला पुस्तकातून समजला नाही, बोटांनी समजला.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. स्वरावरची तिरकी रेघ म्हणजे दीर्घाची खूण नव्हे. ती रेघ स्वरच बदलते, आ चा आउ होतो, ओ चा ओउ. ह्रस्व-दीर्घ हे पुढे व्यंजन किती आहेत त्यावर ठरतं. दोन एल लागून आले की बहुतेकदा 'त्ल' होतो. 2010 च्या एप्रिलमध्ये ज्या ज्वालामुखीने युरोपची विमानं जमिनीवर बसवली, त्याचं नाव वाचताना जगभरच्या वृत्तनिवेदकांची दमछाक झाली. एयाफ्यात्लायॉकुत्ल. मराठी शाळेत समास सोडवलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एया म्हणजे बेटांचा, फ्यात्ला म्हणजे पर्वतांचा, यॉकुत्ल म्हणजे हिमनदी. दोन षष्ठी बहुवचनं आणि शेवटी प्रथमा. षष्ठी तत्पुरुष, तोही पारदर्शक.

एथ हे अक्षर आइसलँडच्या लिखाणातून मधल्या काळात गळून गेलं होतं. ते एकोणिसाव्या शतकात परत आणण्यात रास्मुस रास्क या डॅनिश भाषापंडिताचा मोठा वाटा होता. आजच्या आइसलँडिक शुद्धलेखनाचा पाया त्याने घातला. 1811 मध्ये त्याने या भाषेचं व्याकरण छापलं, 1813 ते 1815 तो आइसलँडमध्ये राहिला, आणि त्यानंतर रशिया, इराण असा प्रवास करत 1820 मध्ये आपल्या मुंबईत येऊन पोचला. पारशी समाजाकडून त्याने अवेस्ता आणि पहलवी भाषेतली हस्तलिखितं मिळवली. ती आज कोपनहेगनमध्ये आहेत. एथवर नुक्ता देताना मला अनेकदा वाटतं की हा माणूस मुंबईच्या रस्त्यांवर मराठी ऐकत फिरला असेल. त्याला आमची तीन लिंगं ऐकू आली असतील का? आली असती तर त्याला आनंद झाला असता, एवढं नक्की.

लिंगांचं म्हणाल तर तो, ती, ते म्हणजे हान, हून, थ़ाद़. शब्द लिंगासकट पाठ करायचा, तर्क लढवायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. टेबल ते का आणि खुर्ची ती का, हे आपण कधी विचारलेलं नाही. विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं हेही अंगवळणी पडलेलं. बाई असेल तर 'मी दमले', पुरुष असेल तर 'मी दमलो'. आइसलँडिकमध्येही दमलेली बाई 'थ़्रेय्ह्त' आणि दमलेला पुरुष 'थ़्रेय्ह्तुर'. पण मला खरोखर थक्क केलं ते अनेकवचनाने. ते, त्या, ती म्हणजे थ़ेयर, थ़ायर, थ़ॉइ. आणि बाई व पुरुष मिळून असतील तर? आपण बोलताना सहज म्हणतो, 'ती दोघं आली'. नवरा पुल्लिंगी, बायको स्त्रीलिंगी, जोडी नपुंसकलिंगी. आइसलँडिक नेमकं हेच करते: मिश्र घोळक्याला 'थ़ॉइ', नपुंसकलिंगी अनेकवचन, विशेषणही त्याच लिंगात. इंग्रजी पुस्तकात हा नियम चौकटीत घालून 'लक्षात ठेवा' म्हणून दिलेला असतो. मी तो वाचला आणि पान उलटलं. लक्षात ठेवण्यासारखं त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं.

आता विभक्ती. चार आहेत: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. आपण 'स ला ते, स ला ना ते' घोकलं, तशी तिथली मुलं घोड्याला घेऊन घोकतात: हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ति, थिल हेस्त्स. हा घोडा, घोड्याबद्दल, घोड्यापासून, घोड्याकडे. मधली तीन अव्ययं ही त्या त्या विभक्तीची आठवण. आपली सामान्यरूपं ज्याला येतात, 'घोडा' चा 'घोड्या' का होतो हे ज्याला विचारावं लागत नाही, त्याला नाम बदलतं या कल्पनेचा धक्का बसत नाही. शिवाय 'तो घोडा' मधला निश्चितपणा त्यांच्याकडे नामाच्या शेपटीला चिकटतो: हेस्तुरिन. आणि 'एक घोडा' साठी वेगळं उपपद नाहीच, मराठीसारखं.

वाक्यरचनेत तर घरी आल्यासारखं वाटतं. मला थंडी वाजते: 'म्येर एर खाल्त'. मला वाटतं: 'म्येर फिन्स्त'. मला बरं वाटतंय: 'म्येर लीद़ुर वेल'. म्येर म्हणजे चतुर्थीतला मी. थंडी, वाटणं, आवडणं या गोष्टी माणूस करत नाही, त्या माणसाला होतात, असं या भाषेचंही मत आहे. क्रियापदही मराठीसारखंच वागतं. मला हा घोडा आवडतो, मला हे घोडे आवडतात. 'म्येर लीकार थ़ेस्सि हेस्तुर', 'म्येर लीका थ़ेस्सिर हेस्तार'. क्रियापद आवडणाऱ्याकडे बघत नाही, आवडलेल्या गोष्टीकडे बघतं. भाषाशास्त्रात अशा चतुर्थीतल्या कर्त्यांवर बरंच लिहिलं गेलं आहे आणि त्या चर्चेत आइसलँडिकचं नाव हमखास येतं. मराठी माणसासाठी तो रोजचा चहा आहे.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते, जी इंग्रजीच्या खिडकीतून दिसतच नाही. आपल्या 'मला' मध्ये दोन विभक्ती एकाच अंगरख्यात आहेत. शाळेच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच: स, ला, ते. 'त्याने मला पाहिलं' आणि 'त्याने मला पुस्तक दिलं', दोन्हीकडे मला. आइसलँडिकमध्ये पाहिलं ते 'मिग', दिलं ते 'म्येर'. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण कर्त्याच्या जागीही काही क्रियापदांना मिग लागतं आणि काहींना म्येर. मला थंडी वाजते, म्येर. मला स्वप्न पडलं, मिग. मला आवडतं, म्येर. मला कॉफी प्यावीशी वाटते, मिग: 'मिग लाउंकार'. मराठी कानाला या चौघांत काही भेद सापडत नाही.

माझी भाची रेय्क्यावीकला असते. तिची मुलगी तिथल्या बालवाडीत जाते आणि घरी मराठी बोलते. एकदा फोनवर ती आईकडे आइस्क्रीम मागत होती, आइसलँडिकमध्ये, आणि म्हणाली, 'म्येर लाउंकार'. भाची हसून म्हणाली, "मावशी, आमच्या शाळेतल्या बाई हे ऐकलं की हळूच मिग म्हणून दाखवतात." मला आधी वाटलं, मराठी घरातलं मूल म्हणून असं होत असेल. तसं नाही. पिढ्यानपिढ्या आइसलँडिक घरांतली मुलंही हेच म्हणतात, मोठी माणसंही म्हणतात, आणि शाळांनी त्याला नावच ठेवलं आहे: 'थ़ाउगुफाल्ससीकि', चतुर्थीचा आजार. आता बरेच भाषाशास्त्रज्ञ आजार म्हणायला तयार नाहीत, ते त्याला चतुर्थीकडचा कल म्हणतात. मी त्यांच्या बाजूची आहे. ज्या गोष्टी माणसाला होतात, त्या सगळ्या एकाच विभक्तीत घालाव्यात असं लहान मुलाला वाटतं, यात आजार कसला? मराठी त्याच वाटेवर केव्हाच पुढे गेली आहे. तरीही शिकणाऱ्याने मिग आणि म्येर वेगळे पाठ करावेत, कारण परक्याला ती सूट इतक्या सहज मिळत नाही.

द्वितीया आणि चतुर्थीची ही फारकत पुढे सगळीकडे भेटते. मी दुकानात जाते आणि मी दुकानात आहे, आपल्याला दोन्हीकडे 'दुकानात'. तिथे जाताना 'ई पूद़िना', असताना 'ई पूद़िन्नि'. हालचाल असेल तर द्वितीया, मुक्काम असेल तर चतुर्थी. नियम सोपा आहे, पण बोलण्याच्या ओघात प्रत्येक वेळी 'मी हलते आहे की थांबले आहे' हा हिशेब करावा लागतो. आणि चेंडू फेकायचा असेल तर चेंडू चतुर्थीत जातो. का, ते मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

दुसरी खरी अडचण शब्दाच्या पोटात आहे. आपल्याकडे प्रत्यय शेवटी लागतो आणि आत थोडीशी हालचाल होते, मूल-मुलाला, पाऊस-पावसाला. तिथे आतला स्वर पार पालटतो. फ्यॉर्द़ुर म्हणजे समुद्राचा जमिनीत घुसलेला चिंचोळा फाटा. प्रथमा फ्यॉर्द़ुर, द्वितीया फ्यॉर्द़, चतुर्थी फिर्द़ि, षष्ठी फ्यार्द़ार. एकाच शब्दात ऑ, इ, आ. यामागे कारण आहे: पुढच्या प्रत्ययातला उ मागच्या आ ला ओढून ऑ करतो, इ त्याला आपल्याकडे ओढतो, आणि कित्येकदा तो ओढणारा स्वर नंतर झिजून गेलेला असतो, मागे फक्त खूण राहते. मूल म्हणजे 'पार्त्न', मुलं म्हणजे 'पॉर्त्न'. इथे एकेकाळी शेवटी उ होता, तो गेला, ऑ राहिला. उ ची ओढ अजूनही जिवंत आहे, इतकी की माणसांची नावंही तिच्यातून सुटत नाहीत. आना या बाईला हाक मारताना ती आना, तिच्याबद्दल बोलताना 'ऑन्नु'.

नावं चालवण्याच्या बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो. माझी आजी 'सीतेला', 'गंगेला' म्हणायची. आज आपण 'सीमाला', 'अनघाला' म्हणतो, नाव जसंच्या तसं ठेवून ला जोडतो. आइसलँडमध्ये अजून प्रत्येक नाव चालतं. 1991 पासून तिथे नावांची सरकारी समिती आहे, आणि नवं नाव मंजूर होण्यासाठीची एक अट अशी की ते आइसलँडिक षष्ठीत चालवता आलं पाहिजे. ही अट जाचक आहे असं म्हणणारे तिथेही पुष्कळ आहेत, आणि आई-बापांना हवं ते नाव ठेवता यावं हे मलाही मान्य आहे. पण चार लाखांहून कमी माणसांची भाषा आपली व्याकरणाची घडी नावापर्यंत सांभाळते, हे बघून आपण आपली सामान्यरूपं किती निष्काळजीपणे सोडली, असं मनात येतंच.

सुरुवात करणाऱ्यांना एक-दोन गोष्टी. आइसलँड विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे आणि चांगला आहे. आर्नी माग्नुसोन संस्थेच्या संकेतस्थळावर कुठलाही शब्द टाकला की त्याची सगळी रूपं तक्त्यात समोर येतात. मी तो तक्ता पाहिल्याशिवाय नवं नाम वहीत उतरवत नाही. वही देवनागरीत ठेवा. प्रत्येक क्रियापदापुढे 'मिग' की 'म्येर' ते लाल शाईने लिहा. रूपांचे तक्ते डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, रामः रामौ रामाः म्हणायचो तसे, कारण ते कानातच टिकतात. मी सध्या सबळ क्रियापदांपाशी आले आहे: फारा, फोउर, फोउरुम, फारिद़, जाणे, गेले, आम्ही गेलो, गेलेलं. त्यानंतर 'स्त' प्रत्ययाची क्रियापदं आहेत, ज्यांत काम करणाऱ्याकडेच वळतं. आत्मनेपदाची वही माळ्यावरून काढून ठेवली आहे.